नुसती बॅटरी बदलून भागत नाही

तार गरम लागली, एवढंच झालं होतं.

शिशाच्या जुन्या बॅटरीऐवजी नवी लिथियम बॅटरी आमच्या राहायच्या व्हॅनमध्ये ठेवून, जुन्याच तारा तात्पुरत्या जोडून आम्ही चाचणी घेत होतो. दादाने इंडक्शनच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवलं होतं आणि मी मागच्या कपाटापाशी, इन्व्हर्टरकडे कान देऊन खाली बसले होते. जुन्या बॅटरीवर हा प्रयोग बघता बघता आटोपायचा. शेगडी लावली की दिवे मंद व्हायचे, इन्व्हर्टरच्या पंख्याचा आवाज बदलायचा, मग ती लांबलचक शिट्टी आणि सगळं बंद. त्या दिवशी असं काहीच झालं नाही. पाणी उकळलं. दादाने दुसरं पातेलं चढवलं, तेही तापत आलं, तरी दिवे जागच्या जागी. दादा खूश होता. मी चाचणीचा भाग म्हणून लाल तारेवर हात ठेवला. चालकाच्या सीटखालून निघून फरशीखालून मागच्या कपाटापर्यंत आलेली ही तार, व्हॅन आमच्याकडे आली तेव्हापासून तिथेच आहे. ती गरम होती. चटका बसावा इतकी नाही, वास नाही, धूर तर नाहीच. पण टोकाकडे, जिथे लग, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, बोल्टला बसतो तिथे, बोट फार वेळ ठेवावंसं वाटेना. मी म्हटलं, "दादा, बंद कर." तो म्हणाला, "अगं, चाललंय की व्यवस्थित!" आणि तेही खरंच होतं. सगळं व्यवस्थित चाललं होतं, म्हणून तर तार तापली होती.

ही गोष्ट डोक्यातून जाईना. कारण ही तीच तार होती, तोच इन्व्हर्टर आणि तीच शेगडी. इतक्या वर्षांत ती तार कधी तापल्याचं आठवत नव्हतं. मग आता काय बदललं? बदलली होती फक्त बॅटरी, आणि तीही आधीपेक्षा चांगली. चांगली वस्तू आणली की बाकीच्या वस्तूंचं काम हलकं होईल असं आपण धरून चालतो. इथे उलट झालं होतं.

रात्री कागद घेऊन बसले. तार २५ स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन लांबी चार मीटर. तांब्याच्या हिशेबाने तिचा रोध येतो साधारण पावणेतीन मिलिओहम. ओहमचा हजारावा भाग म्हणजे जवळजवळ शून्यच, असं कुणालाही वाटेल. पण बारा व्होल्टच्या दुनियेत काहीच शून्य नसतं. शेगडी १२०० वॅटवर चालली, इन्व्हर्टरमधली थोडी गळती धरली, तर बॅटरीतून शंभर अँपिअरच्या पुढे प्रवाह निघतो. तेवढ्यावर त्या तारेत सत्तावीस-अठ्ठावीस वॅट उष्णता तयार होते. इन्व्हर्टर त्याच्या पूर्ण ताकदीने, २००० वॅटवर चालवला तर प्रवाह १७० अँपिअरवर जातो, आणि उष्णता ऐंशी वॅटवर. प्रवाह पावणेदोन पट होण्याआधीच उष्णता तिप्पट झालेली, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. आणि हा हिशेब नुसत्या तांब्याचा. लग जर नीट दाबलेला नसेल, तिथे एखादा मिलिओहम जरी जास्तीचा असेल, तर १७० अँपिअरला त्या एका सांध्यात एकोणतीस वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. तेवढी उष्णता फरशीखाली, प्लायवूडला खेटून, आपण झोपतो त्या जागेपासून हातभर अंतरावर.

मग जुन्या बॅटरीवर हे का होत नव्हतं? कारण ती तसं होऊच देत नव्हती.

शिशाची जुनी बॅटरी आतूनच प्रवाहाला अडवते, आणि वय झालं की आणखी अडवते. तिच्याकडे शंभर अँपिअर मागितले की तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घसरतो, साडेबारावरून अकरावर, अकराच्या खाली. इन्व्हर्टरला एका मर्यादेखालचा दाब चालत नाही, तो बंद पडतो. म्हणजे त्या तारेतून शंभर अँपिअर वाहिलेच तर ते मिनिट-दोन मिनिटं. तार तापायला लागणारा वेळच तिला कधी मिळाला नव्हता. तो सैल लगही तिथे पहिल्यापासून असणार, पण त्याची परीक्षाच कधी झाली नव्हती. घरात एखादं थकलेलं माणूस असलं की सगळं घर नकळत त्याच्या चालीने चालायला लागतं, तशी आमची अख्खी व्हॅन त्या बॅटरीच्या चालीने चालत होती. आम्ही तिच्या नावाने वैतागायचो. तिच्यामुळे शेगडी चालत नाही, तिच्यामुळे एका जागी राहता येत नाही, तिच्यामुळे रोज गाडी हलवावी लागते. आणि ती मात्र आपल्या अशक्तपणाने बाकी सगळ्यांना सांभाळून घेत होती.

मला शिशाच्या बॅटऱ्यांबद्दल थोडी माया आहे, ती बाबांमुळे. बाबांच्या जुन्या जीपची बॅटरी हे आमच्या लहानपणी घरातलं एक खातंच होतं. तिची सहा झाकणं उघडून बाबा एकेका खान्यात वाकून बघायचे, पाणी खाली गेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे, आणि मग ती काचेची नळी काढायचे. वर रबराचा फुगा, आत तरंगणारा काटा. फुगा दाबून सोडला की आम्ल आत चढायचं आणि काटा वर-खाली हलत स्थिर व्हायचा. १.२६ च्या वर असला की बाबा काही बोलायचे नाहीत. १.२० च्या आसपास आला की "हं, अर्ध्यावर आलीय" म्हणायचे. एक खाना बाकीच्यांपेक्षा मागे पडला की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा, कारण मग बॅटरी वाचत नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमायची. तिच्यावर खायच्या सोड्याचं कोमट पाणी ओतलं की फसफसून ती निघून जायची, आणि नाकात एक आंबट, धातूची चव असलेला वास शिरायचा. बाबांच्या सगळ्या जुन्या विजारींना मांडीपाशी बारीक भोकं होती. आम्लाचा थेंब उडालेला त्या वेळी दिसत नाही, कपडा धुतल्यावर तिथे भोक दिसतं. बॅटरी ही आत डोकावून बघता येण्यासारखी वस्तू आहे, ती जिवंत आहे, तिला तहान लागते, हे मी तिथे शिकले. नव्या लिथियम बॅटरीला झाकण नाही. काळा, गुळगुळीत, बंद डबा.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे, मध्ये वेगळं ठेवायला कापड घालून गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी ती. तेव्हा मोटारगाडी नव्हती. म्हणजे गाडीसाठी बॅटरी शोधली गेली नाही, बॅटरी आधी आली आणि गाडीची वाट बघत बसली. आमची नवी बॅटरी ज्या रसायनावर चालते ते लिथियम आयर्न फॉस्फेट मात्र तसं कालचंच. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या टेक्सासमधल्या सहकाऱ्यांनी ते १९९७ साली मांडलं. याच गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला असताना कोबाल्ट ऑक्साइडचं काम केलं होतं, ज्यातून पुढे फोनमधल्या लिथियम बॅटऱ्या आल्या. २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते, आजवरचे सर्वांत वयस्कर नोबेल मानकरी. मला या माणसाची ही दुसरी खेळी जास्त आवडते. कोबाल्टच्या बॅटरीत साठा जास्त मावतो, पण ती फार तापली की आतून ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला पोसते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट धरून असतो की तो सहजी सुटत नाही. त्याबदल्यात साठा थोडा कमी आणि वजन थोडं जास्त. जिच्यावर गादी टाकून झोपायचं त्या बॅटरीसाठी मला हा सौदा बिनशर्त मान्य आहे.

आणि वजनाचं म्हणाल तर शिशासमोर तिचं हे वजन काहीच नाही. आमची जुनी बॅटरी शंभर अँपिअर-तासांची, वजन अठ्ठावीस किलो. तिच्यातलं निम्मंच वापरायचं, त्याखाली गेलं की आयुष्य झपाट्याने उतरतं. म्हणजे हातात येणार सहाशे वॅट-तास. नवी दोनशे अँपिअर-तासांची, तिच्यापेक्षा चार-पाच किलोंनी हलकी, आणि तिच्यात अडीच हजारांवर वॅट-तास. फ्रिजचं पंचेचाळीस वॅटचं यंत्र दिवसातला तिसरा हिस्सा चालतं, म्हणजे त्याचे साधारण साडेतीनशे. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि दोन लॅपटॉप मिळून आणखी तेवढेच. छतावरची सोलर पॅनेलं चांगल्या उन्हात हे सगळं भरून काढतात, आणि ढगाळ दिवशी काढत नाहीत. आधी ढग आले की आम्ही सामान आवरायला लागायचो. आता ढग नुसते ढग असतात. पाऊस आला तर आम्ही पावसात राहतो. छतावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मी पूर्वीही ऐकलाच असणार, पण पॅनेलवर आज काय पडेल या हिशेबाशिवाय तो मी नव्या बॅटरीनंतरच ऐकला.

तर तारेकडे येते. आम्ही ती काढली. काढताना कळलं की ती फरशीच्या एका पत्र्याच्या कडेवरून उघडीच गेली होती, आवरण तिथे घासून पातळ झालेलं. मग इन्व्हर्टरच उचलून बॅटरीच्या शेजारी आणला, म्हणजे लांबी चारची दोन मीटर झाली, आणि तार ७० स्क्वेअर एमएमची घेतली. पूर्ण ताकदीवरही आता तिच्यात चौदा वॅटच्या पुढे जात नाही. ही तार अंगठ्याएवढी जाड असते, तिला वळवायला दोन्ही हात आणि गुडघा लागतो. टोक सोलल्यावर आत केसासारख्या बारीक तारांचा जुडगा दिसतो, गुलाबीसर, चकचकीत, हवा न लागलेला. तो लगमध्ये सरकवायचा, एकही तार बाहेर राहू द्यायची नाही, आणि हायड्रॉलिक क्रिंपरने षट्कोनी दाबायचा. शेवटच्या दाबाला हातात जाणवतं की आता आत पोकळी उरलेली नाही, तांबं तांब्यात मिसळलंय. नंतर गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवून तापवली की कडेने गोंदाचा एक बारीक पारदर्शक ओघळ बाहेर येतो आणि थिजतो. तो ओघळ सगळीकडून सारखा आला की मला बरं वाटतं. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो काढण्यासारखाही नसतो, पण व्हॅनमधल्या कुठल्याही कपाटापेक्षा किंवा पडद्यापेक्षा मला ते जास्त आपलं वाटतं.

फ्यूजचंही तसंच. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती, पण उमजली आत्ता. जुन्या बॅटरीजवळचा प्लॅस्टिकच्या घराचा फ्यूज शिशाला पुरेसा होता. लिथियमचा आतला रोध इतका कमी की लाल-काळी तार एकमेकींना चिकटली तर हजारो अँपिअर वाहू शकतात. अशा वेळी साधा फ्यूज वितळतो खरा, पण वितळलेल्या दोन टोकांमध्ये ठिणगीचा पूल तयार होतो आणि प्रवाह त्यावरून चालूच राहतो. म्हणून क्लास टी जातीचा फ्यूज लागतो. त्याची वीस हजार अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडायची क्षमता असते. आमचा २२५ अँपिअरचा आहे, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभरही लांब नाही, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कुणीच वाली नसतो. हातात घेतला तर तो जड लागतो, हलवला तर आत भरलेलं काही हलत नाही. सगळं नीट चाललं तर आयुष्यभर काहीच करणार नाही, अशी ही वस्तू आहे.

पहिल्यांदा मेन स्विच फिरवला तेव्हा "ठप्प" असा आवाज होऊन निळी ठिणगी दिसली आणि दादा दोन पावलं मागे सरला. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, रिकामे असले की ते एका क्षणात पोट भरून घेतात. जुन्या बॅटरीवर ही ठिणगी बारीक असायची. आता आधी एका रेझिस्टरमधून काही सेकंद ते हळूहळू भरून घेतो आणि मग स्विच फिरवतो. इथेही तेच. शिसं जे आपोआप हळू करत होतं, ते आता आपण मुद्दाम हळू करायचं.

इंजिनच्या बाजूला हे सगळ्यात ठळकपणे दिसलं. आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, आणि मागच्या राहत्या भागाची ही बॅटरी यांच्यामध्ये नुसता एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, होता. गाडी सुरू झाली की इंजिनची आणि मागची अशा दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जायच्या, बंद झाली की सुटायच्या. शिशाची बॅटरी सुरुवातीला थोडा प्रवाह घ्यायची, तिचा दाब चढायचा आणि ती स्वतःच आवरतं घ्यायची. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तर तिला तासन्‌तास लागायचे, म्हणून प्रवासात ती कधी पूर्ण भरतच नसे, आणि अर्धवट राहिलेल्या शिशावर सल्फेटचे खडे धरत जायचे. लिथियमला हा संकोच नाही. ती जवळजवळ भरेपर्यंत सारख्याच भुकेने प्रवाह ओढते. गाडी चढावर हळू चालली असेल किंवा उभ्या जागी इंजिन चालू असेल, तर अल्टरनेटरचा पंखा संथ फिरतो आणि मागणी मात्र पुरी असते. तो आपलं सगळं देत राहतो आणि तापत जातो. आणि मधेच बॅटरीतल्या बीएमएसला, म्हणजे तिची राखण करणाऱ्या सर्किटला, काही खटकून तिने दार बंद केलं, तर अल्टरनेटरला ती वाहती वीज टाकायला जागा उरत नाही, दाब एकदम उसळतो आणि त्याचे डायोड जातात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवला. तो तीस अँपिअर घेतो, त्यापुढे नाही. तासभर गाडी चालली की तीस अँपिअर-तास मागे जमा. दादाला हे पटत नव्हतं. "बॅटरी जास्त घेऊ शकते, तर तिला कमी का द्यायचं?" असं तो म्हणायचा. मी त्याला अल्टरनेटरवर हात ठेवायला सांगितलं नाही, नुसतं इन्फ्रारेड थर्मामीटर दिला. दोन दिवस तो प्रत्येक चढानंतर बॉनेट उघडून आकडे बघत होता. नंतर त्याने तो वाद काढला नाही.

पुढची, इंजिनची बॅटरी आम्ही बदलली नाही. ती शिशाचीच आहे आणि शिशाचीच राहील. बॉनेटखालच्या उष्णतेत तिला राहता येतं, कडाक्याच्या थंडीत स्टार्टरला एका झटक्यात शेकडो अँपिअर देता येतात, आणि अल्टरनेटरकडून काही उसळी आलीच तर ती पिऊन टाकते. प्लांतेचं १८५९ आणि गुडइनफचं १९९७ आमच्या व्हॅनमध्ये एकाच वेळी कामावर आहेत, आणि मध्ये पुस्तकाएवढा एक चार्जर आहे.

थंडीने आणखी एक शिकवलं. उंचावर मुक्काम होता. पहाटे काचेवर आतून बर्फाची नक्षी धरलेली, श्वास दिसतोय, पांघरुणाबाहेर नाक काढायची इच्छा नाही. मग सूर्य डोंगराच्या खांद्यावरून वर आला, पॅनेलवर सरळ ऊन पडलं आणि सोलर कंट्रोलरचा आकडा शून्यावर. बॅटरी घेतच नव्हती. शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी वीज देऊ शकते, पण तिने घेऊ नये. थंडीत लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरू शकत नाहीत, पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. तो साचलेला थर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, आणि त्याचे काटे वाढत गेले तर आतल्या आत दोन बाजू एकमेकींना टेकतात. बीएमएस हे होऊ देत नाही, ती चार्जिंग तोडते. मला त्या क्षणी राग आला होता, हे खरं. इतकं स्वच्छ ऊन वाया चाललेलं बघवत नव्हतं. दादा उठून बसला, म्हणाला, "तिचंही बरोबर आहे. एवढ्या थंडीत कोण जेवेल?" मग आम्ही बॅटरीच्या कपाटाचं दार उघडून डिझेल हीटरची गरम हवा तिकडे जाऊ दिली आणि वाट बघत बसलो. आता तिथे बारीक हीटिंग पॅड आहे, आणि कपाटाला आतून जाड नमद्याचं अस्तर. बॅटरी राहत्या भागात आणता आली हेही लिथियममुळेच. शिशाची भरताना हायड्रोजन सोडते, तिला बाहेर तोंड असलेला वेगळा खण द्यावा लागतो.

मला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं होतं ते दिव्यांचं. जुनी बॅटरी उतरायला लागली की वाचायचा दिवा पिवळट पडायचा, पाण्याच्या पंपाचा आवाज जड व्हायचा, आणि काही न बघता कळायचं की आता आवरा. लिथियमचं तसं नाही. चार सेल एकापुढे एक, प्रत्येकी नावाला ३.२ व्होल्ट, प्रत्यक्षात थोडे जास्तच. वरचा आणि तळाचा थोडा भाग सोडला तर मधला जवळजवळ सगळा साठा १३.३ आणि १३ व्होल्ट यांच्या मध्ये बसलेला. ऐंशी टक्के असो की चाळीस, मीटरच्या काट्यात नजरेला फरक दिसत नाही. शेवटी शेवटी मात्र दाब कड्यावरून पडावा तसा पडतो आणि बीएमएस सगळं तोडते, क्षणात काळोख. थकवा न दाखवणाऱ्या माणसांची जशी मला थोडी भीती वाटते तशी या बॅटरीची वाटते.

म्हणून शंट. ऋण तारेवर बसवलेला पितळी ठोकळ्यांमधला एक नेमका रोध. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर तो मोजतो, बेरीज-वजाबाकी करतो आणि टक्के दाखवतो. मात्र त्याला चुकवून एखादी ऋण तार थेट बॅटरीला गेली असेल तर हिशेब खोटा ठरतो. आमच्यात पंपाची एक तशी होती, जुन्या काळापासूनची, ती शोधायला एक अख्खी दुपार गेली. शिवाय बरेच दिवस बॅटरी पूर्ण भरली नाही तर शंटचा हिशेब हळूहळू सरकतो. मग एकदा वरपर्यंत भरून त्याला सांगावं लागतं की हे शंभर. एरवी पूर्ण भरायची तिला गरज नसते, आणि ही गोष्ट अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला. बाबांनी शिकवलं होतं की बॅटरी भरलेली ठेवावी, अर्धी राहिली की ती मरते. शिशाबद्दल ते शंभर टक्के खरं आहे. लिथियम अर्ध्यावर सुखाने राहते, उलट काठोकाठ भरून उन्हात ठेवून दिली तर जास्त झिजते. आता व्हॅन घरी उभी करून ठेवायची असते तेव्हा मी पन्नास-साठ टक्क्यांवर थांबते. दरवेळी हात अडखळतो.

जुनी बॅटरी भंगारात गेली म्हणजे वितळून पुन्हा बॅटरीच होणार. शिशाच्या बाबतीत ती साखळी जुनी आणि पक्की आहे. फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट नाही, निकेल नाही, म्हणून तिला फोडून परत मिळवण्यासारखं मोलाचं कमीच निघतं. जे तिला सुरक्षित आणि स्वस्त करतं तेच तिचं शेवटचं काम अवघड करतं. मला हे टोचतं. त्यावर माझ्या हातात आहे ते इतकंच की ती दोन-तीन हजार वेळा भरण्या-उतरण्याइतकी टिकावी आणि मग एखाद्या घरात हलक्या कामाला लागावी. म्हणून हे सगळे लग, ही जाड तार, ते अस्तर.

बॅटरीच्या कपाटाच्या झाकणाला आतून मी एक कागद लॅमिनेट करून चिकटवला आहे. व्हॅन आमच्याकडे आली तेव्हा असा कागद नव्हता आणि कुठली तार कुठे जाते ते आम्ही मल्टिमीटर लावून एकेक करत शोधलं होतं. कागदावर आराखडा आहे, प्रत्येक तारेची जाडी आणि लांबी, फ्यूजचे आकडे, बोल्ट किती घट्ट करायचे ते, चार्जिंगचा दाब १४.२, शून्याखाली भरू नये. पुढचा माणूस बॅटरी बदलेल तेव्हा काय काय बरोबर बदलावं लागेल त्याचीही एक ओळ आहे. खाली दादाच्या अक्षरात: शेगडी बंद करा, मग इन्व्हर्टर, मग मेन स्विच. याच क्रमाने.